रिपोर्ट नॉर्मल, तरी छाती दुखतेच? या चुका टाळा

ईसीजी नॉर्मल, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, पट्ट्यावर चालवून करतात ती टीएमटीही नॉर्मल. फाइल जाडजूड झाली, पण छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, रुपयाएवढ्या जागेतलं दुखणं होतं तिथेच. तीन वर्षांत मी केलेल्या चुका सांगते.

सगळ्यात मोठी चूक बोटाची. अजून दुखतंय का, हे बघायला मी दिवसातून वीसदा ती जागा दाबायचे. सिटीलिंकच्या बसमध्ये, ओट्यापाशी, झोपताना. बरगड्या मधल्या हाडाला कूर्चेने, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भागाने, जोडलेल्या असतात आणि तिथे सूज आली की बहुतेकदा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी दुखतं. श्वासागणिक बरगड्या हलतात, त्यामुळे त्या जागेला सुट्टी अशी नाहीच. त्यात माझं बोट! डॉक्टर म्हणाले, "हात खिशात ठेवा." साडीला कुठला खिसा? पदराचं टोक मुठीत धरायला लागले.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं मनाचं, हा घरच्यांचा निष्कर्ष. सासूबाईंचा ओवा तर चालूच होता. पण ईसीजी हृदयाचा असतो, कूर्चेचं दुखणं त्यात दिसणार कसं? तरी तीच तपासणी मी पुन्हा तिसऱ्यांदा केली. पैसे गेले, दुखणं राहिलं.

भीतीने गोदापार्कवरचं चालणं बंद केलं, हेही चुकलंच. खांदे पुढे झुकले, श्वास वरवरचा झाला, छाती आणखी आखडली. आता आधी गरम पिशवीचा शेक, कारण जानेवारीतली नाशिकची सकाळ फार बोचते. मग दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढे, वीस-तीस सेकंद. कळ आली की थांबायचं.

वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी किंवा महिनोन्‌महिने मनाने घेऊ नका. पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात.

आणि उलटी चूक: प्रत्येक कळ 'आपली जुनीच' समजणं. जिना चढताना छाती दाटून आली, घाम फुटला, दम लागला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, तर थेट 108. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदयाचं नाही, हे घरी ठरवायचं नसतं.

परवा पाण्याचा वीस लिटरचा जार एका हाताने उचलला आणि दोन दिवस शेकत बसले. जार आता मुलगा उचलतो.