आधी चिप बाहेर काढा : तालुक्याच्या गावात मायक्रोकंट्रोलरचं काम शिकणाऱ्यांसाठी

शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचं बोर्ड पहिल्यांदा हातात घेणाऱ्या पोराला मी सगळ्यात आधी एकच सांगतो. प्रोग्रामरच्या (चिपमध्ये प्रोग्राम टाकणाऱ्या उपकरणाच्या) सहा पिना कितीही सोयीच्या जागी दिसल्या तरी चालू बोर्डावर लॅपटॉपची वायर लावायची नाही. यातल्या बऱ्याच बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. खर्च वाचवायला कपॅसिटर ड्रॉपरवर (कपॅसिटरने मेनचं व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटवर) पाच व्होल्ट काढलेले असतात आणि बोर्डाचं ग्राउंड थेट मेनच्या एका वायरीला जोडलेलं असतं. मल्टिमीटर पाचच व्होल्ट दाखवतो, पण ते पाच व्होल्ट फेजच्या डोक्यावर बसलेले असू शकतात. प्रोग्रामर जातो, लॅपटॉप जातो, आणि हात लागला तर माणूसही जातो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ऑटो स्टार्टर, झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं), बॅटरीचे फवारणी पंप हे रोजचं काम. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेड केलेली किंवा पॉलिटेक्निक झालेली मुलं-मुली हात बसवायला येतात. त्यांना सोल्डरिंग येतं, थोडंफार सीही येतं. पण समोरचं बोर्ड मुकं पडलं तर दोष चिपचा (म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा, प्रोग्राम साठवून चालवणाऱ्या आयसीचा), प्रोग्रामचा की बाकीच्या सर्किटचा, हे ठरवता येत नाही. ते ठरवायला मी त्यांच्या हातात सॉकेटचं अडॅप्टर बोर्ड देतो. बहुतेकांना ते फक्त प्रोग्राम टाकायचं साधन वाटतं. माझ्या दृष्टीने प्रोग्राम टाकणं हे त्याचं दुय्यम काम आहे. चिपला तिच्या बोर्डापासून सोडवून, स्वच्छ पाच व्होल्ट देऊन, एकटीला तपासायची ती जागा आहे.

पहिलं अडॅप्टर विकत घेऊ नका, स्वतः बनवा. झीरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड), दांडीचा झिफ सॉकेट (दांडी उचलली की चिप जोर न लावता बसते-निघते), बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), एवढंच लागतं. साधा आयसी बेसही चालतो, पण चिप सारखी काढघाल करायची म्हटलं की पाय वाकतात, म्हणून झिफ. माल नागपूरला सीताबर्डीवर मिळतो, नाहीतर कुरिअरने मागवा. सॉकेट रुंद-अरुंद दोन्ही चिप घेणारा बघा. एटीमेगा३२८पीच्या पायांच्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर अंतर असतं, पिक१६एफ८७७एच्या ४० पायांच्या चिपमध्ये १५.२४.

एटीमेगा३२८पीपासून सुरुवात करा, कारण २८ पायांची ही चिप मिळते सहज आणि चुका सहन करते. जोडणी पाठ करून टाका: १ नंबरवर रीसेट, १७ वर मोसी, १८ वर मिसो, १९ वर एससीके (या तिन्ही प्रोग्रामरशी बोलायच्या वायरी). ७ आणि २० दोन्हींना पाच व्होल्ट, ८ आणि २२ दोन्हींना ग्राउंड. नवखे २० आणि २२ सोडून देतात. चिप कधीकधी तरीही चालते आणि मग एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या आतल्या भागाचं) रीडिंग का नाचतंय म्हणून प्रोग्राम उकरत बसतात. रीसेटला १० किलोओहमचा पुल-अप (पाच व्होल्टकडे जोडलेला रेझिस्टर), आणि सप्लायच्या प्रत्येक जोडीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अगदी सॉकेटच्या पायाला चिकटून. ९ आणि १० वर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला बाहेरून घड्याळ देणारा) आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर जंपरवर ठेवा.

तो क्रिस्टल का, ते समजून घ्या. कारखान्यातून आलेली कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. तिच्याशी बोलताना प्रोग्रामरचा वेग तिच्या घड्याळाच्या चौथाईपेक्षा कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबीएएसपी या प्रोग्रामरवर त्यासाठी स्लो एससीकेचा जंपर असतो. उलट ग्राहकाच्या बोर्डावरून काढलेल्या चिपचे फ्यूज (आतली कायमची सेटिंग) बहुधा बाहेरच्या क्रिस्टलवर लावलेले असतात. क्रिस्टल नसलेल्या अडॅप्टरवर ती हूं की चूं करत नाही. ‘चिप मेली’ म्हणून कचऱ्यात गेलेल्या अशा कित्येक चिपा क्रिस्टलचा जंपर लावल्याबरोबर बोलायला लागतात.

बोलली का, हे सिग्नेचरवरून (चिपच्या आतल्या ओळख-आकड्यावरून) कळतं. एटीमेगा३२८पीने १ई ९५ ०एफ सांगायला हवं, एटीमेगा८ने १ई ९३ ०७. शेवटचे दोन अंक १४ आले तर ती ‘पी’ नसलेली ३२८ आहे, चिप ठीकच आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाव बदला. प्रत्येक वेळी वेगळंच उत्तर आलं तर वेग कमी करा, नाहीतर सॉकेटचा संपर्क बघा. आपल्याकडे उन्हाळ्याची धूळ आणि काढलेल्या चिपच्या पायावर राहिलेलं कथील, दोन्ही सॉकेटचे शत्रू. चिप बसवण्याआधी पाय डिसोल्डर विकने साफ करायचे, कथलाचा गोळा घेऊन दांडी दाबायची नाही. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि काम झालं की झाकायचा.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. ग्राहकाची चिप सॉकेटमध्ये बसली की पहिलं बटण रीडचं, इरेजचं नव्हे. फ्लॅश (प्रोग्रामची मेमरी), ईईप्रॉम (सेटिंगची मेमरी) आणि फ्यूज, तिन्ही वाचून ग्राहकाच्या नावाने फाइल ठेवा. ईईप्रॉम विसरू नका, कारण मोटारीचा फुल लोड करंट किती, ड्राय रन (पाण्याविना मोटार फिरणं) कितीवर धरायचा, ही त्या शेतातल्या त्या मोटारीची सेटिंग बऱ्याचदा तिथेच असते. चिप लॉक केलेली असेल तर वाचता येत नाही, आणि इरेज केलं तर लॉकसोबत प्रोग्रामही जातो. कंपनीचा प्रोग्राम कंपनीचा. लॉक फोडायच्या नादाला आम्ही लागत नाही. एकतर तयार बोर्ड मागवतो, नाहीतर स्वतः प्रोग्राम लिहून तसं ग्राहकाला सांगतो.

पिक१२एफ६७५ ही आठ पायांची चिप भेटली तर आणखी सांभाळून. तिच्या प्रोग्राम मेमरीच्या शेवटच्या जागेत, ३एफएफ वर, आतल्या घड्याळाचं कॅलिब्रेशन कारखान्यात लिहिलेलं असतं. ते पुसलं गेलं की टायमिंग बिघडतं. आकडा वाचून चिपच्या पोटावर कागद चिकटवून लिहून ठेवायचा, हा माझा जुना उपाय.

एसटीएम८एस००३ आता बऱ्याच स्वस्त बोर्डांवर दिसते. २० पाय, ०.६५ मिलिमीटर अंतर, हाताने सरळ बसवणं कठीण, त्यामुळे झाकणाचा सॉकेट असलेलं तयार अडॅप्टर घ्यावं लागतं. पण ते घेतल्यावरही एक गोष्ट तपासा. ८ नंबरच्या व्हीकॅप पायावर ग्राउंडकडे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का? तो आतल्या रेग्युलेटरसाठी असतो. नुसते पाय बाहेर काढणाऱ्या अडॅप्टरवर तो नसतो, आणि त्याशिवाय चिपचा भरवसा धरता येत नाही. बाकी जोडणी सोपी: ४ वर रीसेट, ७ ग्राउंड, ९ सप्लाय, १८ वर स्विम (प्रोग्रामिंगची वायर). पॉलिटेक्निकमधलं ८०५१ही वाया जात नाही. त्याच घराण्यातल्या एटी८९एस५२ला सॉकेटवर क्रिस्टल मात्र लागतोच, आणि तिचा रीसेट एव्हीआरच्या (एटीमेगाच्या घराण्याच्या) उलट, हायला चालतो.

डिबगिंगकडे, म्हणजे प्रोग्राम थांबवत-चालवत चूक शोधण्याकडे, वळताना आधी प्रोग्रामर काय करू शकतो ते बघा. यूएसबीएएसपी फक्त प्रोग्राम टाकतो. ३२८पीमध्ये डिबगवायर (एका वायरीवरची डिबगिंगची सोय) आहे, पण ते रीसेटच्याच पायावर चालतं, त्यासाठी अटमेल-आईससारखं साधन लागतं आणि रीसेटवर कपॅसिटर असला तर ते चालत नाही. ते चालू केलं की नेहमीचं प्रोग्रामिंग बंद होतं, नीट बंद करूनच बाहेर पडावं लागतं. पिक१६एफ८७७ए पिककिट ३ या प्रोग्रामर-डिबगरवर डिबग होते, मात्र आरबी६ आणि आरबी७ हे पाय प्रोग्रामसाठी मोकळे राहत नाहीत. पिक१२एफ६७५मध्ये ती सोयच नाही, तिच्यासाठी वेगळं डिबग हेडर येतं. नव्याने डिबगिंग शिकणाऱ्याने एसटी-लिंक व्ही२ घ्यावा असं माझं मत. एकाच डबीत एसटीएम८ आणि एसटीएम३२ दोन्ही होतात, आणि खिशाला परवडतो.

अडॅप्टरचे सगळे पाय बर्ग स्ट्रिपवर आणले असतील तर टेबलावरच शेत मांडता येतं. करंट सेन्सरच्या जागी पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), फ्लोट स्विचच्या जागी पुश बटण, रिलेच्या जागी एलईडी. एलईडी प्रोग्रामिंगच्या पायांवर लावू नका. एप्रिलमध्ये विहीर आटली की मोटारीचा करंट उतरतो आणि बोर्डाने मोटार बंद करायला हवी. इथे पॉट फिरवायचा, एडीसीचा आकडा शून्य ते १०२३ मध्ये कुठे आहे ते बघायचं, आणि मोटार बंद करणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावायचा. लाइन आल्यावर ऑटो मुद्दाम थोडा थांबून मोटार सुरू करतो, नाहीतर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतील. तो थांबण्याचा वेळ टेबलावर खरोखर मोजत बसायची गरज नाही, डिबगरमध्ये काउंटरचा आकडाच बदलायचा. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) मात्र तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर तुम्ही विचार करत असताना चिप रीसेट होईल. आणि ग्राहकाला देताना तो परत चालू आहे ना, हे बघा.

खऱ्या बोर्डावर ब्रेकपॉइंट का नको, तेही यातच आलं. प्रोग्राम थांबला तेव्हा पाय जिथे होते तिथेच राहतात. रिले ओढलेला असेल तर ओढलेलाच, मोटार चालू ती चालूच.

झटका मशीनमध्ये हे जास्तच. सोयाबीन-तूर शेंगेवर आली की ग्राहक येतो, ‘‘भाऊ, टिकटिक त करते, पण डुकरं भेतच नाई.’’ चिप सॉकेटवर टाकली आणि ठोका बरोबर सेकंदाच्या आसपास पडताना दिसला, तर दोष पुढच्या भागात: मोठा कपॅसिटर, एससीआर (तो कपॅसिटर ठोक्यासाठी उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), पल्स ट्रान्सफॉर्मर, नाहीतर सरळ शेतातलं अर्थिंग. आयईसी ६०३३५-२-७६ हे मानक दोन ठोक्यांत किमान एक सेकंद मागतं, म्हणजे जनावराला किंवा माणसाला तारेपासून सुटायला वेळ मिळतो. ठोका ‘जोरदार’ करून द्या म्हणून आग्रह होतो. प्रोग्राममधलं ते अंतर मी कुणासाठीही कमी करत नाही. तारेत थेट लाइन सोडणाऱ्यांमुळे आपल्याच भागात माणसं आणि वाघ मेलेले आहेत. चिप काढण्याआधी मशीनचा मोठा कपॅसिटर रेझिस्टरमधून उतरवून घ्या, स्विच बंद केला म्हणून तो रिकामा होत नाही.

सॉकेटला मर्यादा आहेत. लांब वायरींमुळे एडीसीत गोंगाट येतो, क्रिस्टल दूर गेला तर हट्ट करतो. रिले पडताना येणारा स्पाइक, रात्रीच्या पाळीत उतरलेलं व्होल्टेज, उन्हात तापलेला डबा, हे टेबलावर दिसत नाही. चिप सॉकेटवर शहाण्यासारखी वागली आणि बोर्डावर परत बिघडली, तर शोध सप्लाय आणि रिलेच्या डायोडपासून सुरू करा. एवढं तरी कळलेलं असतं की प्रोग्राम उकरायचा नाही.

पैशाबद्दल मुलं लाजत विचारतात. नुसत्या दुरुस्तीवर बारा महिने भागत नाही. झटका मशीन खरिपात, ऑटो स्टार्टर रब्बीच्या ओलितात, मधले महिने कोरडे. त्या काळात स्वतःच्या छोट्या बॅचचे कंट्रोलर बनवून दुकानदारांना देणारे टिकतात, आणि तिथे एकेक चिप झिफमध्ये टाकून प्रोग्राम, तपासणी, स्टिकर असं काम हातावेगळं होतं. पुण्यात नोकरीला गेलेल्यांनाही मुलाखतीत डिबगरचं काम दाखवता आलं. शिकायला यायचं तर मार्चमध्ये या, तेव्हा मला वेळ असतो. येताना लॅपटॉपची बॅटरी धड आहे का बघा, दुपारी लाइन जाते. अडॅप्टर बनवून आणा, कंटिन्युटी तपासून आणा, आणि कोणता पाय कुठे जोडलाय त्याचा कागद सोबत ठेवा. मी आधी तो कागद मागतो.