मे महिन्याच्या भरवशावर रिसर्च ठेवू नका

अनुदानित महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांसाठी हे लिहितो आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे आपल्याला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. उरलेला आठवडा नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइल्स, एनएसएस, अंतर्गत परीक्षा आणि सुपरव्हिजनमध्ये कसा जातो, हेही पहिल्याच सत्रात कळतं. ही ओढाताण खरी आहे. पण तिच्यामुळे मनात जो एक विचार घर करतो, तो जास्त घातक असतो: 'सत्र संपू दे, रिसर्च पेपर मेमध्ये निवांत बसून लिहू.'

माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं या एका वाक्यात गेली, म्हणून यावर जरा सविस्तर सांगतो.

मे रिकामा नसतोच. उत्तरपत्रिका तपासायला कॅपची (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यांकन केंद्राची) ऑर्डर येते, मग निकाल, लगेच प्रवेश समिती. मधे जे दिवस मिळतात त्यांतले पहिले काही जुन्या नोंदी शोधण्यात आणि आपलाच अर्धा मसुदा पुन्हा समजून घेण्यात जातात. पण वेळ कमी पडतो हे खरं दुखणं नव्हे. 'मेमध्ये लिहू' असं ठरवलं की सत्र चालू असताना आपण काहीच लिहीत नाही, आणि लिहिल्याशिवाय आपल्याकडे काय नाही ते कळत नाही. माझा विषय कृषी अर्थशास्त्र. बाजार समितीतल्या कांद्याच्या भावांवर काम करत होतो. आकडे पोर्टलवरून मिळाले, तक्ते झाले. मेमध्ये लिहायला बसल्यावर दिसलं, की लाल कांद्याच्या हंगामात व्यापारी आणि अडत्यांशी बोलल्याशिवाय मुद्दा उभाच राहत नाही. बाजारात तेव्हा उन्हाळ कांदा. लाल कांदा पुन्हा हिवाळ्यात येणार, म्हणजे पेपर सरळ पुढच्या वर्षावर गेला. ऑगस्टमध्ये दोन पानं जरी खरडली असती, तर ही उणीव ऑगस्टमध्येच दिसली असती.

म्हणून सत्र चालू असतानाच लिहा. रोज अर्धा तास, पहिल्या लेक्चरच्या आधी, स्टाफरूम भरण्यापूर्वी. त्या अर्ध्या तासात वाचायचं नाही, संदर्भ शोधायचे नाहीत, फक्त लिहायचं. उठताना उद्याचं पहिलं वाक्य कशाबद्दल असेल ते खाली टिपून ठेवायचं. रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नव्या प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयींचा अभ्यास केला होता. रोज थोडं लिहिणारे हे मोठ्या सुट्टीची वाट पाहून एका बैठकीत लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त लिहून पूर्ण करतात, हे त्याने दाखवलं. अर्ध्या तासाने काय होणार, असं वाटेल. होतं. पहिले काही आठवडे हाती काही लागत नाही, तेवढे सोसा.

वाचनाला वेगळी वेळ ठेवा. कॉलेजकडे एन-लिस्ट (ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं वाचायला देणारी ऑनलाइन सेवा) असेल तर ग्रंथपालांकडून स्वतःचं लॉगिन आजच मागून घ्या. कित्येकांना ते मिळतं हेच माहीत नसतं. पुण्याला जाणं झालं तर गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय चुकवू नका.

मोठ्या नावाचा गाईड मिळाला की गाडी रुळावर येते, हे मला पटत नाही. ज्याच्याकडे तुमचा मसुदा सहा महिने पडून राहतो, त्याच्या नावाचा काय उपयोग? त्यापेक्षा शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात आपल्याच वयाचा, आपल्याच विषयाचा एक माणूस शोधा. दर शनिवारी त्याला तुमची दोन पानं, तुम्हाला त्याची दोन. माझे पेपर या देवाणघेवाणीतूनच बाहेर पडले.

पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. जर्नलवरचा आयएसएसएन हा केवळ नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. यूजीसीने मे २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली होती. नंतर आलेली यूजीसीचीच केअर ही मान्य जर्नल्सची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे आता पारख तुम्हालाच करायची आहे: मागचे दोन-तीन अंक उघडून लेख खरोखर वाचा, संपादक मंडळावरच्या एखाद्याला मेल करून विचारा. कॅसच्या (पदोन्नतीच्या) मुलाखतीआधी घाईने टाकलेला पेपर कायम तुमच्या नावावर राहतो.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना हे सगळं सांगताना मला संकोच वाटतो. तीन कॉलेजांत धावपळ करणाऱ्याने सकाळचा अर्धा तास कुठून काढायचा? त्यांनी रोजचा आग्रह सोडावा आणि आठवड्यातले दोन ठरलेले वार धरावेत. एसटीत बसून मोबाइलवर लिहिलेला परिच्छेदही चालतो. नवा विषय शोधू नका. पीएचडीच्या प्रबंधातलं एखादं न छापलेलं प्रकरण काढा आणि त्यावरच काम करा, कारण त्याचं क्षेत्रकाम झालेलं असतं आणि त्यासाठी कोणाची रजा किंवा परवानगी लागत नाही.