मॅक्रो फोटोग्राफीसाठी भक्कम ट्रायपॉड कसा निवडावा

पाऊस स्थिरावला की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कुजलेल्या ओंडक्यांवर अळंबी उगवू लागते. ती जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर आणि दाट पानांच्या सावलीत असते. ढगाळ दिवशी तेथे इतका कमी उजेड पोहोचतो की एफ ११ अ‍ॅपर्चर (लेन्सचे लहान छिद्र) आणि १०० आयएसओ (प्रकाशाला कमी संवेदनशीलता) ठेवल्यास शटर अर्ध्या सेकंदाहूनही अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. माझ्या पहिल्या ट्रायपॉडवर अशा अळंबीची मी एका सकाळी चाळीसेक छायाचित्रे काढली आणि घरी येऊन पाहिले तर प्रत्येकात टोपीखालच्या पातळ पडद्या दुहेरी उमटल्या होत्या. त्या ट्रायपॉडची उंची भरपूर होती, पण मला लागणाऱ्या उंचीवर तो स्थिर राहत नव्हता.

मॅक्रोमध्ये, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून मोठ्या टिपताना, किती स्थिरता लागते, याचा हिशेब आधी करून पाहावा. वस्तू सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) मूळ आकाराची, म्हणजे १:१ प्रमाणात उमटत असेल, तर कॅमेरा जितका सरकेल तितकीच प्रतिमा सेन्सरवर सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर ३६ मिलिमीटर रुंदीत ६००० पिक्सेल असतात, त्यामुळे एका बारीक केसाच्या जाडीइतका, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा हादराही आठ पिक्सेलांवर पसरतो. एफ ८ ला फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, या प्रमाणात साधारण १ मिलिमीटरच उरते. निसर्गदृश्यासाठी चालून जाणारा ट्रायपॉड येथे अपुरा पडतो, तो याच कारणाने.

पहिली पायरी : वजन आणि उंची ठरवा

कॅमेरा, मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि वापरत असाल तर फोकसिंग रेल (कॅमेरा थोडा थोडा पुढेमागे सरकवणारी पट्टी), असे सगळे एकत्र घरच्या काट्यावर तोलून पाहा. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्ससह ते बहुधा दीड किलोच्या आसपास भरते. ट्रायपॉडवर छापलेली भारक्षमता या वजनाच्या किमान तिप्पट असावी. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नये. शिवाय त्यावरून ट्रायपॉड कोसळणार नाही एवढेच कळते, तो थरथरणार नाही हे कळत नाही.

मग आपले विषय किती उंचीवर सापडतात ते आठवा. अळंबी, शेवाळ, पानांवरच्या अळ्या, झुडपांतले कोळी, भरतीरेषेवरचे शंखशिंपले हे बहुतेक सारे गुडघ्याच्या खाली किंवा फार तर कमरेपर्यंत असतात. डोळ्यांच्या उंचीपर्यंत पोहोचणारा ट्रायपॉड मॅक्रोसाठी क्वचितच लागतो.

दुसरी पायरी : पाय पाहा

निवडीचा खरा कस येथे लागतो. पाय जितक्या कमी भागांत उघडतात तितका ट्रायपॉड ताठ राहतो, कारण प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते आणि प्रत्येक पुढचा भाग आधीच्यापेक्षा बारीक असतो. चार किंवा पाच भागांचा ट्रायपॉड घडी घातल्यावर आखूड होतो आणि गर्दीच्या लोकलमध्ये नेणे सोपे जाते, हे मान्य आहे. पण मॅक्रो करणाऱ्याला यातून वेगळी वाट काढता येते : छातीपर्यंतच पोहोचणारा, जाड पायांचा, तीन भागांचा ट्रायपॉड घ्यावा. तो घडीतही आखूड असतो आणि उघडल्यावरही ताठ उभा राहतो. सोडायचीच असेल तर उंची सोडावी, पायांची जाडी सोडू नये.

तिन्ही पायांचे कोन स्वतंत्रपणे बदलता आले पाहिजेत, म्हणजे एक पाय ओंडक्यावर, दुसरा उतारावर आणि तिसरा जवळजवळ आडवा ठेवता येतो. पाय पूर्ण फाकवल्यावर कॅमेरा जमिनीपासून किती उंच राहतो, हे मोजपट्टीने मोजा. लांब मधला दांडा असेल तर तो जमिनीला टेकतो आणि कॅमेरा खाली येतच नाही. म्हणून मधला दांडा नसलेला, किंवा काढून आखूड करता येणारा ट्रायपॉडच निवडावा. दांडा उलटा लावून कॅमेरा खाली लटकवण्याची सोय अनेक ट्रायपॉडांत असते, पण उलट्या कॅमेऱ्याची बटणे हाताळताना इतका त्रास होतो की मी ती अखेरचा उपाय मानतो. मॅनफ्रोटोच्या ०५५ आणि १९० या मालिकांतील काही मॉडेलांत हा दांडा आडवाही वळवता येतो. डबक्यात थेट वरून पाहण्यासाठी ही सोय उपयोगी आहे. मात्र कॅमेरा आधारापासून जितका दूर जाईल तितका हादरा वाढतो, म्हणून आडवा दांडा नेहमी एखाद्या पायाच्या दिशेनेच वळवावा.

कार्बन फायबर हलके असते, कंप लवकर शोषते आणि खाऱ्या पाण्याने गंजत नाही. तरीही किंमत सारखी असेल, तर बारीक कार्बनच्या पायांपेक्षा जाड अ‍ॅल्युमिनियमचे पाय मी निःशंकपणे पसंत करीन. पायांच्या टोकांना रबर आणि खिळा असे दोन्ही पर्याय असले तर चिखलात आणि खडकावर दोन्हीकडे काम भागते.

तिसरी पायरी : हेड निवडा

हेड म्हणजे पायांवर बसणारा, कॅमेरा धरणारा आणि वळवणारा भाग. गोळ्यावर फिरणारे बॉल हेड झटपट फिरते, पण खिट्टी आवळून हात काढला की चौकट किंचित खाली झुकते. दूरच्या डोंगराच्या चित्रात हे लक्षातही येत नाही, मॅक्रोमध्ये मात्र कोळ्याचा डोळा चौकटीबाहेर जातो. मॅक्रोसाठी सर्वोत्तम ठरते ते गिअर हेड, कारण त्याच्या चकत्या फिरवून प्रत्येक अक्षावर अगदी थोडी हालचाल करता येते आणि सोडल्यावर ते जागेवरून हलत नाही. ते जड असते आणि स्वस्तही नसते. त्याखालोखाल तीन दांड्यांचे हेड चांगले. बॉल हेडच घ्यायचे असेल तर गोळा ४० मिलिमीटर किंवा अधिक व्यासाचा आणि घर्षण कमीजास्त करता येणारा असावा. कॅमेऱ्याखाली लागणारी प्लेट अर्का-स्विस या प्रचलित पद्धतीची घेतली तर पुढे रेल किंवा एल-ब्रॅकेट (कॅमेरा उभा-आडवा बसवण्याची एल आकाराची पट्टी) बसवणे सोपे जाते.

चौथी पायरी : दुकानात तपासा

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारात कॅमेऱ्याची अनेक दुकाने जवळजवळ आहेत. तेथे आपला कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि मेमरी कार्ड घेऊन, शक्यतो गर्दी नसलेल्या वेळी जावे. तपासणी तळमजल्याच्या फरशीवर करा, कारण जुन्या इमारतींचे लाकडी माळे पावलांनीही हलतात आणि दोष ट्रायपॉडचा की जमिनीचा ते कळत नाही.

पाय उघडून वरचा भाग दोन्ही हातांनी ओला कपडा पिळल्यासारखा हलकेच पिळा. पाय वळत असतील तर तो ट्रायपॉड तेथेच ठेवा. नंतर कॅमेरा बसवून एखाद्या नोटेवरच्या बारीक अक्षरांवर १:१ प्रमाणात फोकस करा आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे थेट चित्र) दहापट मोठा करा. पायाला बोटाने टिचकी मारून चित्र किती वेळात शांत होते ते पाहा, हेड आवळून चौकट किती सरकते तेही पाहा. अखेर २ सेकंदांचा टायमर लावून १/८ सेकंदाची पाच छायाचित्रे काढा. शटरचे आणि आरशाचे हादरे साधारण १/३० ते १ सेकंद या टप्प्यात सर्वाधिक दिसतात, त्यामुळे पाचही चित्रे सारखी धारदार आली तर हेडसकट तो संच विश्वासाने घ्यावा.

पाचवी पायरी : वापरताना आणि वापरल्यानंतर

वारा ट्रायपॉडने थांबत नाही. हलणाऱ्या फुलासाठी फ्लॅश हाच उपाय, आणि चतुर किंवा टाचणी (चतुरासारखाच बारीक कीटक) ट्रायपॉडवर टिपायची असेल तर पहाटे, पंखांवर दव असताना आणि ती निश्चल बसलेली असतानाच टिपावी. मधल्या हुकाला पिशवी लटकवत असाल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, नाहीतर झोके घेऊन तीच कॅमेरा हलवते.

ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या किंवा वांद्र्याच्या खडकांवर उतरताना मात्र एक नियम उलटा करावा लागतो. एरवी पायांचे जाड भाग आधी उघडायचे, पण खाऱ्या पाण्यात सर्वांत खालचा भाग आधी उघडावा, म्हणजे सांध्यांत वाळू आणि मीठ शिरत नाही. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पाय गोड्या पाण्याने धुवून, सांधे उघडे ठेवून पंख्याखाली वाळवावेत आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच ट्रायपॉड पिशवीत घालावा.