बुरूज-कमानींच्या उठावदार टाइल्स करताय? या चुका टाळा

टाइल तडकली की सगळे आधी भट्टीला नावं ठेवतात. मीपण बरीच वर्षं तेच केलं. पण सोलापूरच्या भुईकोटाचे बुरूज, जुन्या वाड्यांच्या महिरपी, महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम असलं सगळं मातीत उठावात आणायला लागले, म्हणजे सपाट फरशी नाही, दोन इंच वर आलेली टाइल, तेव्हा कळलं की टाइल बहुतेक वेळा टेबलावरच बिघडलेली असते, भट्टीतून आल्यावर ते फक्त दिसतं.

सगळ्यात आधी जाडी. बुरूज पुढे आलाय म्हणून तिथं मातीचा भरीव गोळाच बसवून टाकतात. खालची पाटी १२ मिमी आणि बुरूज ५० मिमी, मग पातळ भाग लवकर वाळून आकसतो, जाड भाग आतून ओलाच, आणि तडा जातो बरोब्बर बुरुजाच्या बुडाशी. माती चामड्यासारखी घट्ट झाली की टाइल जाड स्पंजवर पालथी घाला आणि मागून बुरूज पोखरा, सगळीकडे १०-१२ मिमी राहील असा. आणि एक, भट्टीत टाइल उडते ती हवेच्या बुडबुड्यामुळे असं जो तो सांगतो, ते खरं नाही. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून ती उडते. त्यामुळे माती नीट मळायचीच, पण सुरुवातीला भट्टी ९० अंशांच्या आसपास तीन-चार तास धरून ठेवा, मगच वर न्या. उतरतानाही घाई नको, ५७३ अंशांला मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, तिथं गार वारं लागलं की चांगली भाजलेली टाइलसुद्धा चिरते.

आता आपल्या सोलापुरात सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट, वाळवण. बाहेरचे व्हिडिओ बघून लोक टाइल्स उघड्या रॅकवर ठेवतात, पण एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर आणि त्यात ते कोरडं वारं. एका उन्हाळ्यात मी कमानीचा २४ टाइल्सचा सेट केला होता, रात्री पंखा चालू राहिला, सकाळी बघते तर सगळ्यांचे कोपरे उचललेले, कडा पांढुरक्या पडलेल्या, आणि मधे बोट लावलं तर माती अजून गार, ओली. कोपऱ्याला वरून आणि दोन्ही बाजूंनी वारं लागतं ना, तो आधी वाळतो, आधी आकसतो आणि वर ओढला जातो. मी सगळे दाबून सपाट केले, दिसायला छान झाले, भट्टीतून काढले तर तेच कोपरे परत वर. माती एकदा वाकली की ते विसरत नाही.

तेव्हापासून टाइलखाली कोरडा पेपर घालते, म्हणजे आकसताना ती फळीवर सरकते, अडकत नाही. कडांवर दोन बोटं रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यावर सैलसर प्लास्टिक, आणि सगळ्यावर जुनी सोलापुरी चादर भिजवून घट्ट पिळून. पहिले तीन दिवस चादर ओली, मग कोरडी, मग आधी मधलं प्लास्टिक काढायचं आणि कडांच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी. दहा-बारा दिवस जातात, जाऊ द्या. मातीत २०-२५ टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, घातला तर वाकणं आणखी कमी होतं.

मोजमापात एक चूक खूप जण करतात. माती १२ टक्के आकसते म्हणून २०० मिमीच्या टाइलला १२ टक्के मिळवून २२४ कापतात, भाजून हातात येते १९७. हिशोब उलटा करायचा, २०० भागिले ०.८८, म्हणजे २२७. तीन मिमी किरकोळ वाटतात पण दहा टाइल्सच्या ओळीत जवळजवळ तीन सेंटीमीटर जातात आणि कमान भिंतीच्या कडेला पोचतच नाही. आकडा पिशवीवरून घेऊ नका, स्वतःच्या मातीच्या पट्टीवर १०० मिमीची रेघ मारा, भाजा, मोजा.

आपली माती वापरायची हौस मलाही आहे, पण नुसत्या काळ्या मातीची टाइल होत नाही, शेतात उन्हाळ्यात कशा भेगा पडतात ते बघतोच आपण. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजताना त्यांचा चुना होतो, तो नंतर हवेतली ओल ओढून फुगतो आणि पंधरा दिवसांनी चांगल्या टाइलवरून टिकलीएवढा पोपडा उडतो, खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. माती पाण्यात कालवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळून घ्या. प्लास्टरच्या साच्याचे तुकडे मातीत पडले तरी असेच पोपडे उडतात, तेव्हा साच्याच्या कडा तासून घ्या.

ग्लेझबद्दल, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थराबद्दल, माझं मत ठाम आहे. बिदरचा महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा, बघून आलं की प्रत्येकाला निळं चकचकीत ग्लेझ हवं असतं. पण तिथलं टाइलकाम सपाट आहे, सगळं काम रंग करतो. आपल्या टाइलमध्ये सावली काम करते. जाड ग्लेझ खाचांत साचतं, कंगोरे बुजतात आणि महिरपीची बटाटावडी होते. पातळ मॅट द्या, नाहीतर मातीचाच रंग राहू द्या.

बसवताना गोंधळ नको म्हणून मागे नंबर आणि वरच्या बाजूचा बाण ओल्या मातीतच कोरून ठेवा, मार्कर भट्टीत जळून जातो. मागे खाचा हव्यात. पोखरलेली जागा सोडून बाकी पाठीला अॅडहेसिव्ह पूर्ण लावा, चार कोपऱ्यांत चार गोळे नकोत. ग्लेझ नसलेल्या टाइलला ग्राउटच्या, म्हणजे सांधे भरायच्या सिमेंटच्या, आधी सीलर लावा, नाहीतर सिमेंटचे डाग निघत नाहीत. आणि पश्चिमेची भिंत असेल तर टाइल्स एकमेकींना चिकटवून बसवायचा हट्ट गिऱ्हाइकानं कितीही केला तरी ऐकू नका, दुपारी तीननंतर त्या भिंतीला हात लावून ती किती तापते ते बघायला सांगा आणि टाइल्सना फुगायला ३-४ मिमीचा सांधा सोडा.