चैत्रांगण: न तुटणारी रेघ कशी काढावी

आधी एक सांगते: चैत्रांगण, म्हणजे चैत्रात गौरीसाठी दारापुढे काढायची चिन्हांची रांगोळी, छापाने किंवा तयार स्टिकरने उरकू नका. पाडव्यानंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला, चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हे अंगण तिचं. काही घरी ते पाडव्यापासूनच काढतात.

अंगण नसेल तर दारापुढची फरशी किंवा मोठा पाट चालतो. गेरूचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर गेरूवर रेघ लालसर, मळकट होते.

आता रेघ. पहिली तीन-चार वर्षं माझी रेघ दर वितीला तुटायची आणि जो तो सांगायचा, "सराव कर." चुकीच्या पकडीने सराव केला की चूकच हातात बसते. मी चिमटीत भरपूर रांगोळी घेऊन बोटं जमिनीला टेकवत होते. रांगोळी ओढायची नसते, सोडायची असते.

ती पिठासारखी बारीक नको, बोटांना चिकटते. किंचित रवाळ घ्या आणि चाळा. चिमूट लहान असू द्या. तर्जनीला मधल्या बोटाचा आधार द्या, तर्जनीच्या पेरावरून अंगठा हळूहळू पुढे सरकवा. बोटं जमिनीपासून अर्धा इंच वर हवीत. लांब रेघेला हात कोपरापासून चालवा. मनगट फक्त वळणांना. अंगठ्याचा वेग आणि हाताचा वेग जुळला की रेघ एकसारखी पडते, बाकी गुपित काही नाही.

जोड कुठे द्यायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिमूट संपेपर्यंत ओढत राहिलात तर शेपूट फिकट होतं आणि पुढच्या चिमटीची तिथे गाठ पडते. म्हणून कोपरा आला किंवा दोन रेघा मिळाल्या की थांबा, तिथूनच नवी चिमूट घ्या. चैत्रात बोटांना घाम येतो. कोरडं फडकं मांडीवर ठेवा, सारखी पुसा.

चुकलेली रेघ बोटाने पुसाल तर गेरूवर पांढरा डाग राहतो. सुका, मऊ कुंचला घ्या.

मधोमध मखर आणि झोपाळ्यावरची गौर. वर सूर्य-चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, तुळशीवृंदावन, कामधेनू, आरसा, करंडा-फणी. मोकळ्या जागी गोपद्मं आणि लक्ष्मीची पावलं. गौर झाली की वरून खालीच या, नाहीतर तुमचाच पदर सूर्य पुसून नेतो. परंपरेने 51 चिन्हं सांगतात, पण पाटावर ती कोंबू नका. वीसच काढा, पण नाग नागासारखा आणि कासव कासवासारखं दिसू द्या. गौरीचा चेहरा मी सगळ्यात शेवटी काढते, हात सरावला की.

हळद-कुंकू वाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचं असेल तर कोरडं झाडून गेरूचा एक हात द्या, आणि वाळेपर्यंत थांबा.