चेन किती लावू, हा दुसरा प्रश्न

ट्रेलर गेटबाहेर सोडण्याआधी त्यावरचा माल तपासणं हे माझं काम. नवा ड्रायव्हर आला की पहिलं हेच विचारतो: मॅडम, चेन किती लावू? मी आधी त्याच्या हातात झाडू देते. ट्रेलरच्या फलाटावर वाळू, तेल, गंजाचा चुरा असेल तर वर कितीही चेन टाका, माल त्या चुऱ्यावरून घसरणारच.

जड माल स्वतःच्या वजनाने बसून राहतो, असं बरेच जण मानतात. या समजुतीने माणसं मेली आहेत. वजन वाढलं की घर्षण वाढतं हे खरं, पण ब्रेक लागल्यावर पुढे धावायचा जोरही तितक्याच पटीने वाढतो. 2 टनांची पोलादी प्लेट जशी सरकते, तशीच 20 टनांची थप्पी सरकते, आणि तिच्या पुढे केबिन असते.

एकदा कागदावर हिशोब करा. युरोपचं ईएन 12195-1 हे मानक ब्रेकसाठी पुढच्या दिशेला वजनाच्या 0.8 पट जोर धरतं, बाजूला आणि मागे 0.5 पट. 20 टनांच्या प्लेटा म्हणजे पुढे 16 टन. स्टील थेट स्टीलवर ठेवलं तर घर्षणांक फार तर 0.2, तेलकट असेल तर त्याहून कमी. म्हणजे घर्षण 4 टन पेलणार, उरलेले 12 टन बांधणीवर. आता वरून टाकलेला कापडी पट्टा काय देतो? लांब दांड्याच्या रॅचेटच्या, म्हणजे पट्टा आवळायच्या यंत्राच्या, लेबलावर एसटीएफ 500 डीएएन असं काहीतरी असतं. म्हणजे हाताने आवळल्यावर पट्ट्यात साधारण अर्ध्या टनाचा ताण येतो. दोन्ही बाजू मिळून माल एक टनाने खाली दाबला जातो, त्यातले 0.2 पट, म्हणजे 200 किलो, आपल्या कामी येतात. 12 टनांना साठ पट्टे लागले! त्याच प्लेटांखाली 0.6 घर्षणांकाची रबरी अँटी-स्लिप मॅट टाका. घर्षणच 12 टन पेलतं, उरतात 4, आणि प्रत्येक पट्टा 600 किलो देतो. सात पट्टे झाले, मानकातला 1.25 चा सुरक्षा गुणक धरला तर नऊ. म्हणून मॅटवर पैसे वाचवणाऱ्या माणसाशी मी वाद घालत बसत नाही, हा कागद दाखवते.

मॅट मात्र नीट टाकायला हवी. स्टीलचा एकही कोपरा खाली टेकला तर हिशोब बिघडला. लाकडी बॅटन वापरत असाल तर मॅट बॅटनच्या खालीही हवी आणि वरही, शिवाय प्लेटांच्या दोन थरांमध्ये घसरण होत असेल तर तिथेही. बॅटन आडवा, रुंद बाजूवर ठेवा. चौकोनी किंवा उभा ठेवलेला बॅटन ब्रेकला लोळतो. तेलाने भिजलेली, फाटलेली मॅट फेकून द्या.

त्या नऊ पट्ट्यांत एक गोष्ट गृहीत आहे: पट्टा फलाटाशी जवळजवळ काटकोनात उभा आहे. 30 अंशांवर आला की खालचा दाब निम्मा. प्लेटांची थप्पी बुटकी असते, पट्टा तिच्यावर जवळपास झोपतो. अशा मालाला मी थेट बांधणी करायला लावते: थप्पीच्या पुढच्या तोंडाला मजबूत लाकडी चौकट उभी करायची, तिच्यावरून चेनचा वेढा घ्यायचा आणि दोन्ही टोकं ट्रेलरच्या मागच्या बाजूच्या कड्यांना न्यायची. माल पुढे यायला लागला की चेन त्याला मागे धरते. ग्रेड 80 ची 10 मिलिमीटर चेन सरळ ओढीत सुमारे 6.3 टन धरते. चेनवरच्या पट्टीवर हे लिहिलेलं असतं. पट्टी नसलेली चेन मी बाजूला काढते. आणि कडं किती पेलतं तेही बघा, चेनपेक्षा ते कमजोर असू शकतं.

माल हेडबोर्डला, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला, टेकवता आला तर उत्तमच, पण अ‍ॅक्सलवरचं वजन बघून. ईएन 12642 या बॉडीच्या मजबुतीच्या मानकातल्या साध्या, एल प्रकारच्या बॉडीत हेडबोर्ड जास्तीत जास्त 5 टनांसाठीच तपासलेला असतो. वजनासाठी माल मागे घ्यावा लागला तर मधली पोकळी लाकडाने भरून काढा.

एकाच मालावर चेन आणि पट्टा मिसळू नका. पट्टा ताणला जातो, चेन जवळपास नाही, त्यामुळे सगळा भार चेनच घेते.

प्लेटेची कड बोटाने हळूच तपासा. कातरलेल्या कडेला बारीक दातेरी धार असते. पट्टा तिच्यावर थरथरत राहिला की धागे एकेक करून तुटतात, वरून मात्र पट्टा शाबूत दिसतो. कोपऱ्याला संरक्षक लावल्याशिवाय पट्टा टाकूच नका. रॅचेटच्या फिरत्या दांडीवर पट्ट्याचे दीड ते तीन वेढे असावेत. पट्ट्याला गाठ नको, चेनला पीळ नको.

कॉइलची, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीची, गोष्ट वेगळी. ती गोल आहे, लोळायला तयारच असते. डोळा, म्हणजे मधलं भोक, पुढे-मागे करून व्ही आकाराच्या खोबणीत बसवा. ती दोन्ही उतारांवर टेकली पाहिजे, तळाला नाही. खोबणीत मॅट, डोळ्यातून आरपार चेन पुढे आणि मागे दोन्हीकडे, वरून एक आडवी. कॉइलला कारखान्यातून आलेल्या पोलादी पट्ट्या पॅकिंगच्या असतात, त्यांना हूक लावायचा नाही.

सळ्या आणि पाइपांत बाहेरचे जागेवर राहतात आणि मधला भाल्यासारखा निघतो. म्हणून मोळीला वरून दाबण्याबरोबर पूर्ण वेढा द्या आणि पुढचं तोंड अडवा.

चेन आवळायच्या लिव्हर बाइंडरच्या दांड्याला पाइप घालून जोर लावणं मी बघितलं की काम थांबवते. दांडा उलटला तर जबडा जातो. रॅचेट बाइंडर बरा.

निघाल्यावर माल बसतो, लाकूड दबतं, ताण उतरतो. पहिल्या 80 किलोमीटरच्या आत गाडी उभी करून सगळं पुन्हा आवळा, नंतर प्रत्येक थांब्यावर हात लावून बघा. जोराचा ब्रेक मारावा लागला असेल तर पुढचा सुरक्षित थांबा हाच तपासणीचा. पोचल्यावर सोडताना आधी माल सरकला आहे का ते फिरून बघा. कलला असेल तर क्रेनचा हूक लागून ताण येईपर्यंत एकही बाइंडर उघडू नका, आणि मग उघडायचा तो ज्या बाजूला माल कलला नाही त्या बाजूने.