सिंगल कॉइलचा घूं आवाज: पिकअप कसा निवडला

पुसदकडच्या गावांत भीमजयंतीच्या कार्यक्रमांना मी गिटार वाजवतो. मंडपात ट्यूबलाइटच्या माळा, अर्थिंगचा पत्ता नाही. माझ्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग, सिंगल कॉइल म्हणजे एकेका कॉइलचे. त्यावर 50 हर्ट्झचा, म्हणजे घरच्या विजेचाच, घूं सतत. आधी आतली अर्थची तार तपासली, ती शाबूत होती. पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या जागी मात्र घूं थांबायचा, कारण तिथं दोन पिकअप मिळून वाजतात आणि मधला उलट गुंडाळलेला आहे. म्हणजे दोष वायरिंगचा नव्हता.

हंबकर नावाच्या प्रकारात हेच एका पिकअपात होतं: दोन कॉइल, गुंडाळी उलट, चुंबकाची दिशाही उलट. बाहेरचा घूं कटतो, तारेचा सूर टिकतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी 1955 साली याच्या पेटंटचा अर्ज केला. काय सुंदर युक्ती आहे!

बॉडी कोरायची नव्हती, म्हणून ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूला) सिंगल कॉइलच्याच मापाचा हंबकर घेतला. सिरॅमिक चुंबकाचा पिकअप जोरकस असतो. गायकाच्या मागं मला अल्निको 5 (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या चुंबकाचा) जास्त गोड वाटतो. कॉइलच्या रोधाच्या नुसत्या किलोओमच्या आकड्यावर जाऊ नका, बारीक तारेनंही तो वाढतो. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) 250 केचेच, म्हणजे 250 किलोओमचेच, ठेवले. 500 केनं आवाज आणखी उजळला असता.

सोल्डरचे डाग मोबाइल दुरुस्तीवाल्या दादानं दिले. पिकअपच्या चार वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा त्याच पिकअपचा वायरिंगचा नकाशा सोबत न्या.